खडकातल्या पोकळ्या काय सांगतात?

महाराष्ट्रातील बहुतेक शाळांच्या आसपास काळ्या पाषाणाचे दगड सहज सापडतात. असा एखादा दगड हातात घेऊन पाहिला, तर त्यावर बरीच भोके दिसतात. काही वाटाण्याएवढी असतात, काही लिंबाएवढी. काही रिकामी असतात, तर काहींत पांढरे, हिरवट किंवा गुलाबी स्फटिक भरलेले असतात. ही भोके कशी पडली, असे विद्यार्थ्याने विचारले तर आपल्याजवळ उत्तर तयार असते. लाव्हारस थंड होत असताना त्यातील वायूंचे बुडबुडे आतच अडकले. पुढे या पोकळ्यांत पाणी झिरपले आणि त्यातील खनिजांचे स्फटिक वाढले.

आता समजा, त्याच विद्यार्थ्याने आपल्यासमोर चुनखडकाचा एक तुकडा ठेवला आणि त्यातील स्फटिकांनी भरलेली पोकळी दाखवून तोच प्रश्न विचारला. येथे बुडबुड्यांचे उत्तर चालणार नाही. चुनखडक हा काही वितळून थिजलेला खडक नव्हे. तो समुद्रात, गाळ आणि सजीवांचे अवशेष साठून तयार होतो. वरून सतत गाळ पडत असेल, तर खालच्या सगळ्या फटी बुजून जायला हव्यात. मग ही जागा रिकामी राहिली कशी?

प्रश्न साधा वाटला, तरी त्याच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. पोकळी म्हणजे जेथे काहीच नाही अशी जागा, असे आपण धरून चालतो. परंतु समुद्रातील प्राचीन शैलभित्तींच्या अभ्यासात असे घडले आहे, की भरीव भागाकडे पाहून काढलेला निष्कर्ष पोकळ्यांकडे पाहिल्यावर उलटा करावा लागला. ती हकीकत पुढे येईलच. त्याआधी या भित्ती कोणी आणि कशा बांधल्या ते पाहू.

प्रवाळांच्या आधीचे गवंडी

समुद्रातील भित्ती म्हटले की आपल्याला प्रवाळ आठवतात, आणि आजच्या समुद्रांपुरते ते बरोबरही आहे. पण आजच्या प्रकारचे भित्ती बांधणारे प्रवाळ पृथ्वीवर आले ते सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी. त्याच्या कितीतरी आधीपासून समुद्रात चुनखडकाच्या भित्ती उभ्या राहत होत्या. त्यांचे सर्वांत जुने गवंडी म्हणजे सूक्ष्मजीव. राजस्थानात चितोडगडजवळ भोजुंदा येथे सूक्ष्मजीवांच्या थरांनी घडवलेले स्ट्रोमॅटोलाइट खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपले आहेत. पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक बसलेले त्यांचे थर नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

सूक्ष्मजीवांना ना हाडे, ना कवच. मग ते खडक कसा बांधतात? त्यांच्या तीन कामांचा विचार करावा लागतो. पहिले म्हणजे ते आपल्याभोवती चिकट श्लेष्मा तयार करतात. या श्लेष्म्यावर चुन्याचे बारीक कण येऊन चिकटतात. दुसरे, त्यांपैकी सायनोबॅक्टेरियांसारखे सूक्ष्मजीव प्रकाशसंश्लेषण करतात. त्यासाठी ते पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वापरतात आणि तो कमी झाला, की पाण्यात विरघळलेला चुना बाहेर पडू लागतो. तिसरे काम प्रकाश नसलेल्या जागी चालते. तेथे सल्फेटचे क्षपण करणारे जीवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवताना पाण्याची अल्कता वाढवतात आणि तेथेही चुन्याचे निक्षेपण होते. परिणामी, समुद्राच्या तळावरील मऊ चिखल ओला असतानाच, सिमेंट धरावे तसा घट्ट होतो. हा मुद्दा आपण लक्षात ठेवू, कारण पोकळी टिकण्याचे रहस्य त्यातच आहे.

सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी, कँब्रियन कल्पाच्या आरंभीच्या काळात, या सूक्ष्मजीवांना नवे सोबती मिळाले. सैबेरियातील खडकांत त्यांचे सर्वांत जुने जीवाश्म सापडतात. त्यांना आर्किओसायाथ असे नाव आहे. आकार पेल्यासारखा, भिंत बहुधा दुहेरी आणि चाळणीसारखी सच्छिद्र. त्यांचे वर्गीकरण करताना अनेक वर्षे मतभेद होते; आज ते चुन्याचा सांगाडा असलेले स्पंज मानले जातात. स्पंज हा प्राणी पाणी गाळून जगतो. असे पेले एकमेकांना चिकटून वाढत आणि त्यांच्यावर व त्यांच्यामध्ये रेनाल्सिस, एपिफायटॉन असे सूक्ष्मजीव चुन्याची पुटे चढवत. विटा थोड्या आणि चुना भरपूर, असे हे बांधकाम होते. आर्किओसायाथ सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वी जवळजवळ नाहीसे झाले; परंतु सूक्ष्मजीव आणि स्पंज यांची ही भागीदारी पुढेही वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसते.

डोंगर झालेली भित्ती

या भागीदारीचे एक भव्य उदाहरण अमेरिकेत टेक्सास आणि न्यू मेक्सिको या राज्यांच्या सीमेवर आहे. तेथील ग्वाडालूपे डोंगररांगेत एल कॅपिटन नावाचा एक उभा कडा आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,४६० मीटर आहे. त्याच्या मागे असलेले ग्वाडालूपे शिखर २,६६७ मीटर उंच असून टेक्सास राज्यातील ते सर्वांत उंच ठिकाण होय. आज हा प्रदेश रखरखीत आहे. पण पर्मियन कल्पाच्या मध्यकाळात, सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वी, तो विषुववृत्ताजवळ होता आणि तेथे एक खोल उपसागर होता. त्या उपसागराच्या कडेने घोड्याच्या नालेच्या आकाराची, ६०० किलोमीटरांहून अधिक लांबीची एक भित्ती वाढली. तिलाच कॅपिटन शैलभित्ती म्हणतात.

पुढे उपसागराचा महासागराशी असलेला संबंध तुटत गेला. पाणी आटले आणि जिप्समवर्गीय खनिजे व मीठ यांच्या जाड थरांनी तो उपसागर भरून गेला. भित्ती गाडली गेली. खूप नंतर भूकवचाच्या हालचालींनी हा भाग वर उचलला गेला. भोवतालचे मऊ थर पावसापाण्याने झिजले आणि कठीण चुनखडकाची भित्ती पुन्हा उघडी पडली. त्यामुळे एका प्राचीन समुद्राच्या तळावरून चढत चढत भित्तीच्या माथ्यापर्यंत पायी जाता येते. जगभरचे भूशास्त्राचे विद्यार्थी तेथे जातात ते याचसाठी.

या भित्तीत प्रवाळांचे प्रमाण नगण्य आहे. तिच्यात प्रामुख्याने सापडतात ते चुन्याचे स्पंज, जाळीदार पंख्यासारख्या वसाहती करणारे ब्रायोझोआ, सूक्ष्मजीवांनी घडवलेला चुना आणि या सर्वांवर थर चढवणारे काही आच्छादक जीव. या आच्छादकांचे सजीवांमधील स्थान अजूनही नक्की ठरलेले नाही. याखेरीज समुद्राच्या पाण्यातून थेट स्फटिकरूपाने जमलेला चुना मोठ्या प्रमाणात आहे. काही ठिकाणी सजीवांच्या सांगाड्यांपेक्षा याच चुन्याचा भाग अधिक भरतो. म्हणजे मूळ भित्ती बऱ्याच अंशी पोकळ होती आणि या पोकळ्या नंतर भरल्या गेल्या.

जागा रिकामी राहते कशी?

अशा भित्तींमध्ये पोकळ्या होण्याचे मुख्य मार्ग चार आहेत.

पहिला मार्ग वाढीचा. पेल्यासारखे, फांद्यांसारखे किंवा ताटासारखे सजीव शेजारीशेजारी वाढले, तर त्यांच्यामध्ये जागा शिल्लक राहणारच. स्वयंपाकघरातील घासलेली भांडी टोपलीत कशीही टाकली तर टोपली लवकर भरते, पण भांड्यांमधली बरीच जागा रिकामीच असते, तसेच हे. त्यातही ताटासारखा पसरट सजीव असेल तर तो छपराचे काम करतो. कॅपिटन भित्तीत काही पसरट स्पंज दोन मीटरांहून अधिक रुंदीचे आढळले आहेत. एवढ्या मोठ्या छपराखाली चांगलीच ऐसपैस खोली तयार होते.

छपराखाली गाळ का साचत नाही, हे वर्गात करून दाखवता येते. काचेच्या लहान टाकीत पाणी घ्यावे. करवंटीचा एक फुटका तुकडा टाकीच्या काचेला टेकवून पालथा ठेवावा, म्हणजे आत काय घडते ते बाहेरून दिसेल. मग वरून बारीक वाळू हळूहळू सोडावी. करवंटीच्या पाठीवर आणि आजूबाजूला वाळूचा ढीग होतो, पण पोटाखाली थोडीशीच वाळू सरकते. तीही उतरता ढीग होऊन थांबते. आता करवंटी हलकेच उचलली, तर काय होते? पोकळी ढासळते. खऱ्या भित्तीत छप्पर निघून गेले तरी पोकळी ढासळू नये, यासाठी भोवतालचा चिखल आधीच घट्ट झालेला असावा लागतो. ते काम सूक्ष्मजीवांनी केलेले असते.

दुसरा मार्ग कुजण्याचा. सर्वच स्पंजांना चुन्याचा सलग सांगाडा नसतो. अनेकांच्या मऊ शरीरात केवळ सुईसारख्या बारीक कंटिका विखुरलेल्या असतात. असा स्पंज मेल्यावर त्याच्या शरीरात जीवाणूंचे काम सुरू होते. त्या कुजण्याच्या क्रियेतच शरीराचा काही भाग आणि भोवतालचा चिखल चुन्याने घट्ट होतो. जो भाग घट्ट होण्याआधी कुजून जातो, त्याच्या जागी पोकळी उरते.

या मार्गासंबंधीचा एक जुना वाद सांगण्यासारखा आहे. बेल्जियममध्ये डेव्होनियन कल्पातील तांबड्या चुनखडकाचे ढिगारे आहेत. तो दगड तेथे संगमरवर म्हणून विकला जाई आणि फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यातही तो वापरलेला आहे. त्याच्या तांबड्या पृष्ठभागावर पांढऱ्या स्फटिकांचे ठिपके आणि पट्टे दिसतात. त्यांचा तळ सपाट असतो, माथा मात्र वेडावाकडा, बोटे फुटल्यासारखा. १८८१ साली एदुआर द्युपाँ या बेल्जियन भूशास्त्रज्ञाने हा एक नामशेष प्राणी आहे असे मानून त्याला स्ट्रोमॅटॅक्टिस असे नाव दिले. पुढे ध्यानात आले, की हा प्राणी नसून स्फटिकांनी भरलेली पोकळी आहे. पण कशाची पोकळी? १९८३ साली कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील अशाच खडकांचा अभ्यास करून बुर्क आणि गिन्याक यांनी ती कुजलेल्या स्पंजांची जागा असावी असे मांडले. इतर काहींच्या मते चिखल दबताना पाणी निसटल्याने किंवा प्रवाहाने आतला गाळ धुतला गेल्याने या पोकळ्या झाल्या. हा वाद अजून मिटलेला नाही. सगळीकडे एकच कारण असेल असेही नाही.

तिसरा मार्ग पोखरण्याचा. लाकडाला वाळवी लागावी तसे काही सजीव चुनखडक पोखरतात. आजच्या समुद्रात क्लायोना जातीचे स्पंज प्रवाळांना आणि शिंपल्यांना असेच भोके पाडतात. एक स्पंज बांधतो आणि दुसरा पोखरतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

चौथा मार्ग विरघळण्याचा. हा बहुधा भित्ती मेल्यानंतर, कधी कधी कोट्यवधी वर्षांनी घडतो. अनेक सांगाडे ॲरॅगोनाइट या चुन्याच्या प्रकाराचे असतात. तो कॅल्साइटपेक्षा सहज विरघळतो. समुद्र मागे हटून पावसाचे पाणी भित्तीत शिरले, की हे सांगाडे आधी विरघळतात आणि साच्यासारखी त्यांची पोकळी राहते. पाण्याचा मारा वाढला तर गुहाच तयार होतात.

निसर्गाची पाणसळ

पहिल्या तीन मार्गांनी झालेल्या पोकळ्या भित्तीच्या हयातीतल्या, तर चौथ्या मार्गाच्या बहुधा नंतरच्या. एखादी भरून गेलेली पोकळी पाहून ती कोणत्या प्रकारची हे कसे ओळखायचे? भूशास्त्रज्ञ खडक कापून, घासून गुळगुळीत करतात आणि त्याचा इतका पातळ छेद घेतात की त्यातून प्रकाश आरपार जातो. मग पोकळीच्या भिंतीपासून मध्यापर्यंत कोणता थर कोणत्या क्रमाने आला ते वाचतात. भिंतीवर आधी सजीव चिकटून वाढलेले असतील आणि त्यांच्यावर समुद्रातील चुन्याचे स्फटिक असतील, तर ती पोकळी भित्ती जिवंत असतानाचीच. उलट, पोकळीची कड सांगाडे आणि जुने स्फटिक यांना सरसकट कापत गेली असेल तर ती नंतरची.

याहून उपयोगी अशी एक खूण आहे. पोकळीत झिरपलेला बारीक गाळ तिच्या तळाशी बसतो आणि त्याचा वरचा पृष्ठभाग आडवा सपाट होतो. उरलेली जागा पुढे स्वच्छ स्फटिकांनी भरते. खाली करडा गाळ, वर पांढरे स्फटिक आणि दोहोंमध्ये एक सरळ रेषा. ही रेषा त्या काळची क्षितिजसमांतर पातळी दाखवते. गवंडी भिंत बांधताना पाणसळ लावतो, तशी ही निसर्गाने खडकात ठेवून दिलेली पाणसळच होय. भूशास्त्रात तिला जिओपीटल रचना म्हणतात. खडक नंतर कितीही कलला, उलटापालटा झाला, तरी या रेषेवरून मूळ वर कोणते आणि खाली कोणते हे सांगता येते.

याचा प्रयोग अगदी सोपा आहे. औषधाच्या रिकाम्या पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश भागापर्यंत पातळ केलेले प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतावे. बूच लावून बाटली एखाद्या पुस्तकाला टेकवून तिरकी ठेवावी. प्लॅस्टर घट्ट झाल्यावर ती दुसऱ्या गटाच्या विद्यार्थ्यांना द्यावी आणि बाटली किती अंशांनी कलती ठेवली होती ते कोनमापकाने शोधायला सांगावे. एका रिकाम्या जागेत बसलेल्या गाळावरून भूतकाळातील स्थिती मोजता येते, हे विद्यार्थ्यांना यातून नीट उमगते.

उलटी वाचलेली भित्ती

आता सुरुवातीला सांगितलेल्या हकीकतीकडे वळू. १९५३ साली नॉर्मन न्यूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाडालूपे डोंगरांतील भित्तीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून या भित्तीचे एक चित्र रूढ झाले. बोटाएवढे, पेल्यासारखे किंवा मण्यांच्या माळेसारखे दिसणारे स्पंज समुद्रतळावर उभे वाढत. शेतातल्या पिकासारखी त्यांची दाटी असे. वाहत्या पाण्याचा वेग त्यांच्यामुळे कमी होई व गाळ अडून राही. आणि अशा रीतीने भित्ती वाढत जाई. संग्रहालयांतील देखावे आणि पाठ्यपुस्तकांतील चित्रे याच समजुतीवर काढली गेली. हे स्पंज भित्तीचे मुख्य बांधकाम करणारे, असेच सर्वजण मानत.

१९९४ साली रेचेल वुड, डिक्सन आणि ब्रेंडा कर्कलंड यांनी एक साधी गोष्ट तपासली. प्रत्येक स्पंजाचे बूड कोठे चिकटलेले आहे आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे? खडकातील वरची दिशा नक्की करायला निसर्गाची पाणसळ होतीच. तेव्हा असे दिसले, की यांतील पुष्कळसे स्पंज तळावर उभे नव्हतेच. ते पसरट स्पंजांच्या आणि ब्रायोझोआंच्या पंख्यांच्या खालच्या अंगाला चिकटून, वटवाघळांसारखे खाली डोके करून लोंबकळत होते. म्हणजे ते उघड्या समुद्रतळावरील रहिवासी नसून पोकळ्यांच्या छताला राहणारे भाडेकरू होते. भित्तीचा आराखडा उभा केला होता तो छपरासारख्या पसरट सजीवांनी. त्यावर आच्छादक जीव आणि सूक्ष्मजीव यांनी पुटे चढवली, आणि पाण्यातून जमलेल्या चुन्याने सगळे पक्के केले.

या निष्कर्षावर अर्थातच चर्चा झाली. भित्ती मोठ्या कालावधीत वाढलेली आहे. तिच्या सर्व भागांत पोकळीतील आणि उघड्यावरील सजीवांचे प्रमाण सारखे असेल असे नाही, आणि काही अभ्यासकांनी उभ्या वाढलेल्या स्पंजांवर भर दिला. परंतु एक गोष्ट कायमची बदलली. एखादा जीवाश्म खडकात पुष्कळ सापडतो म्हणून त्यानेच तो खडक बांधला, असे आता कोणी न तपासता म्हणत नाही. तो पोकळीतला होता की बाहेरचा, हे आधी विचारले जाते. वाड्याच्या तळघरात पुष्कळ घागरी सापडल्या म्हणून वाडा घागरींनी बांधला होता, असे आपण म्हणत नाही, तसेच हे.

पोकळीत राहण्याचा फायदा काय? तेथे प्रकाश नसतो, पण स्पंजाला प्रकाशाची गरज नाही. लाटांचा मार कमी, गाळाचा त्रास कमी, खाणाऱ्या शत्रूंपासून बचाव, आणि पाणी तर आतबाहेर खेळतच असते. हा प्रकारही जुनाच आहे. १९७९ साली डेव्हिड कोब्लुक आणि नोएल जेम्स यांनी कॅनडाच्या लॅब्राडोर भागातील कँब्रियन भित्तींमध्ये, आर्किओसायाथांच्या काळातच, पोकळ्यांच्या छताला व भिंतींना चिकटून राहणाऱ्या सजीवांचे समूह असल्याचे दाखवून दिले होते. आणि आजही असे सजीव आहेत. १९७० साली हार्टमन आणि गोरो यांनी जमैकाच्या किनाऱ्यावरील प्रवाळभित्तीच्या अंधाऱ्या कपारींत राहणाऱ्या, चुन्याचा भक्कम सांगाडा असलेल्या स्पंजांचे सविस्तर वर्णन केले. त्यांची रचना प्राचीन भित्तींतील स्ट्रोमॅटोपोरॉइड या कोड्यात टाकणाऱ्या जीवाश्मांशी जुळली आणि तेही स्पंजच होते, या मताला बळ मिळाले.

भरलेल्या, उरलेल्या आणि नव्या पोकळ्या

पोकळी झाली, तिच्यात कोणी राहिले, पुढे काय? लाटा आणि भरती-ओहोटी यांमुळे समुद्राचे पाणी पोकळ्यांतून सतत ढकलले जाते. त्यात विरघळलेला चुना भिंतींवर सुईसारख्या स्फटिकांच्या पंख्यांच्या रूपाने जमतो. कॅपिटन भित्तीतील असे पंखे मूळचे ॲरॅगोनाइटचे होते. आता त्यांचे कॅल्साइट झाले आहे. चुना विरघळणे आणि पुन्हा जमणे ही एकच उलटसुलट चालणारी क्रिया आहे:

कॅल्शियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड ⇌ कॅल्शियम बायकार्बोनेट

हीच क्रिया आपण चुन्याच्या निवळीने दाखवू शकतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांपासून मिळणारा कार्बन डायऑक्साइड निवळीत सोडला, की ती दुधाळ होते. बहुतेक वर्गांत प्रयोग येथेच थांबतो. तो थांबवू नये. वायू सोडत राहिले तर दुधाळ निवळी पुन्हा स्वच्छ होते, कारण चुना बायकार्बोनेट होऊन विरघळतो. हे स्वच्छ द्रावण उकळले, की वायू निघून जातो आणि ते परत दुधाळ होते. पोकळी होणे आणि पोकळी भरणे, या दोन्ही घटना एका परीक्षानळीत पाहता येतात.

ज्या पोकळ्या भरत नाहीत, त्यांना माणसाच्या दृष्टीने मोल आहे. १९४७ साली कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात लेड्यूक येथे जमिनीखाली गाडल्या गेलेल्या डेव्होनियन भित्तीत तेलाचा मोठा साठा सापडला आणि त्या प्रांताचे अर्थकारणच बदलले. ती भित्ती मुख्यतः स्ट्रोमॅटोपोरॉइड स्पंजांची होती. आपल्याकडे १९७४ साली सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्रातील तेलाचा मोठा भागही चुनखडकाच्या छिद्रांतच साठलेला आहे. तो चुनखडक मायोसीन काळातील, कितीतरी अलीकडचा, आणि स्पंजांच्या भित्तीचा नव्हे. पण खडक तेल धरून ठेवतो तो त्याच्यातील रिकाम्या जागेमुळे, हे तत्त्व एकच. कोणती पोकळी कशी झाली हे कळले, तर तेलविहीर कोठे खणावी याचा अंदाज बांधता येतो.

कॅपिटन भित्तीतच नव्या पोकळ्याही झाल्या आहेत. न्यू मेक्सिकोमधील प्रसिद्ध कार्ल्सबाड गुहा याच चुनखडकात आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या दालनाचे क्षेत्रफळ सुमारे ३३,००० चौरस मीटर आहे. जवळच्या लेचुगिया गुहेचे २४० किलोमीटरांहून अधिक लांबीचे मार्ग मोजून झाले आहेत. बहुतेक चुनखडी गुहा पावसाच्या पाण्यातील सौम्य कार्बोनिक आम्लाने होतात. या मात्र मुख्यतः गंधकाम्लाने झाल्या. खोलवरच्या तेल-वायूच्या थरांतून हायड्रोजन सल्फाइड वर आला, भूजलातील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन गंधकाम्ल बनले आणि त्याने चुनखडक खाल्ला. त्याची साक्ष म्हणून गुहांत जिप्समचे मोठे ढीग पडलेले आहेत. या क्रियेत तयार झालेल्या ॲल्युनाइट खनिजाचे वय १९९८ साली मोजले गेले. त्यावरून या परिसरातील गुहा सुमारे ४० लाख ते १ कोटी १० लाख वर्षांपूर्वी तयार झाल्याचे कळले. हायड्रोजन सल्फाइड बनवण्यातही सल्फेटचे क्षपण करणाऱ्या जीवाणूंचा हात असतो. भित्ती बांधताना ज्यांनी चिखल घट्ट केला, त्यांच्याच जातकुळीच्या जीवाणूंनी तब्बल २५ कोटी वर्षांनी ती विरघळवायला हातभार लावला.

पोकळीतून दिसणारी सुरुवात

आजच्या प्रवाळभित्तीही आतून पोकळ आहेत. २०१३ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव बेटाजवळ पाहिले, की कपारींतील स्पंज पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य शोषून घेतात आणि त्याचे रूपांतर इतर प्राण्यांना खाता येईल अशा कणांत करतात. पोषक द्रव्ये कमी असलेल्या पाण्यात प्रवाळभित्ती इतकी समृद्ध कशी, या जुन्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग या अंधाऱ्या कपारींत आहे. प्रवाळ मरू लागले आणि भित्ती ढासळल्या, तर वरचे रंगीत प्रवाळ जातील तसे आतले हे न दिसणारे रहिवासीही जातील. त्यांची गणती आपण क्वचितच करतो.

आणि शेवटी सर्वांत जुन्या पोकळ्या. २०२१ साली कॅनडाच्या एलिझाबेथ टर्नर यांनी तेथील वायव्य भागातील सुमारे ८९ कोटी वर्षांपूर्वीच्या भित्तींचे पातळ छेद प्रसिद्ध केले. या भित्ती पूर्णपणे सूक्ष्मजीवांनी बांधलेल्या आहेत. त्यांच्या फटींत आणि पोकळ्यांत टर्नर यांना बारीक नळ्यांचे एक जाळे दिसले. त्याची ठेवण कुजणाऱ्या स्पंजाच्या शरीरात राहणाऱ्या जाळ्याशी जुळते. हे खरोखर स्पंज असतील, तर प्राण्यांचा माहीत असलेला इतिहास कोट्यवधी वर्षांनी मागे जाईल. अनेक शास्त्रज्ञांना हा पुरावा अद्याप पुरेसा वाटत नाही, आणि असा दावा कसून तपासलाच पाहिजे. पण शोध कोठे घेतला गेला ते पाहावे. भित्तीच्या भरीव अंगावर नव्हे, तर तिच्या कपारींत.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा विद्यार्थी खडकातील भोकावर बोट ठेवून प्रश्न विचारील, तेव्हा उत्तर देण्याआधी आपणच त्याला तीन प्रश्न विचारावेत. या पोकळीचे छप्पर कशाचे आहे? तिचा तळ सपाट आहे का? आणि ती कशाने, कोणत्या क्रमाने भरली आहे? काळ्या पाषाणातील स्फटिकांपासून कॅपिटनच्या कड्यापर्यंत हे तीनही प्रश्न लागू पडतात, आणि त्यांची उत्तरे शोधायला एक भिंग पुरते.